तिसरा ठोका

लेझमीत ‘आराम’ हा हुकूम असतो. आराम म्हणजे आडवं पडणं नव्हे. लेझीम मिटायची, पायांत अंतर घ्यायचं, तोंड बंद ठेवायचं आणि पुढच्या हुकमाची वाट बघत ताठ उभं राहायचं. गडहिंग्लजच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मी हे घसा फोडून शिकवलं. आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, २०४१ सालात, कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना माझ्या हातात जो कागद दिला, त्यातलं पहिलंच वाक्य होतं, ‘रुग्णाने पंधरा दिवस आराम करावा.’

“उभ्यानं का?” मी विचारलं.

डॉ. मुजावर हसल्या. वयानं माझ्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. “आडव्यानं, देसाई मॅडम. आणि यादी अजून पुढं आहे.”

होतीच. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही, कारण तार मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नेलेली, ती जखम उघडेल. पाण्याची बादली नाही. जिना दिवसातून एकदा. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालायचं, आठवड्यानं पंधरा. मनगटावर पट्टा बांधला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यावर हिरवा दिवा लुकलुकणार आणि नाडी एकशेदहाच्या वर गेली की पट्टा बोंब मारणार.

आमचे हे निवृत्त पोस्टमास्तर. आलेला मजकूर तंतोतंत पोचवायचा, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि तीन महिने मला त्या कागदाबरहुकूम जगवलं. मी तांब्या उचलला तरी “किती भरलाय?” फिरायला निघाले की हे मागून घडीची खुर्ची घेऊन. मला दम लागला की रस्त्यात खुर्ची उघडून बसवायचे. माझ्या जुन्या विद्यार्थिनी स्कूटरवरून जाताना बघायच्या, आणि मी मान फिरवायची. बाहेरून मी चिडचिड करत होते. आतून घाबरले होते, हे सांगायला आता लाज नाही. गच्चीवर वाळत टाकलेली साडी आणायला पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं की मला न्हाणीची फरशी आठवायची.

माझं दुखणं असं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही हजार पेशींचा एक पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याचा हुकूम तो सोडतो आणि बाकी सगळं हृदय ऐकतं. माझ्या हृदयात भलत्याच पेशी मध्येच आपापले हुकूम सोडायला लागल्या. दोनदा मांडीतून तार घालून त्या जागा डागल्या आणि त्यांना गप्प केलं. बंड मोडलं, पण तोवर हुकूम देणारा पुंजकाच थकला. नाडी अडतिसावर आली. एका सकाळी तोंड धुताना मी न्हाणीत कोसळले.

पूर्वी अशा माणसाला बॅटरीचं यंत्र बसवत. आता दाणा देतात. ज्वारीच्या दाण्याएवढाच असतो, म्हणून सगळे त्याला दाणाच म्हणतात. दंडाची चिमूटभर कातडी काढायची, तिच्या पेशींना रसायनं देऊन उलट्या पावली मागं न्यायचं, इतकं मागं की आपण कातडी होतो हेच त्या विसरतात, आणि मग त्यांना ठोक्याचा हुकूम देणाऱ्या पेशी बनवून, त्यांचा दाणा करून तारेनं हृदयात बसवायचा. डॉ. मुजावरनी मला त्या सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या होत्या. काचेच्या बशीत दोन ठिपके. एक आपल्या चालीनं धडधडतोय, दुसरा आपल्या. कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी ते दोन्ही एकमेकांना टेकवून ठेवले आणि मला दुपारी परत बोलावलं. दुपारी बघते तर दोघांची एक चाल. एकदम. एकदम. एकदम.

“ह्यांना शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. एकमेकींना लागल्या की जुळतात.”

अगं बाई! दोनशे मुलींना एका चालीत आणायला मला दरवर्षी दोन महिने लागायचे, आणि इथं माझ्या दंडाची कातडी जेवणाच्या सुट्टीत जुळून मोकळी! माझ्या अंगावर काटा आला. मी त्या काचेला डोळा लावून इतका वेळ बसले की मागचे पेशंट कुरकुरायला लागले.

पण बशीतल्या पेशी तान्ह्या असतात. जुळतात, तरी अंगात बसवण्याआधी त्यांना नीट चाल लावावी लागते. त्यासाठी तीन आठवडे त्यांना विजेच्या बारीक टिचक्या देतात, ठरावीक अंतरानं. दवाखान्यात त्याला तालीमच म्हणतात. बहुतेकांना यंत्राचा सरळ ठोका देतात, मिनिटाला सत्तर. पण माणसाचे तब्येत चांगली असतानाचे ठोके कुठं नोंदलेले असतील, जुन्या घड्याळात वगैरे, तर तेच वापरतात. म्हणून ह्यांच्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला होता, ‘देसाई मॅडम यांचे निरोगी काळातील ठोके उपलब्ध असल्यास फाईल पाठवावी. किमान पंधरा मिनिटे.’

हे जुना फोन घेऊन बसले, शोधलं, सापडलं, पाठवलं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला डॉ. मुजावरनी आम्हा दोघांना खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी पडद्यावर माझ्या ठोक्यांची रेघ काढली.

“मॅडम, नाडी उत्तम आहे. बसल्या जागी चौसष्ट. पण हे बघा. दर चार ठोक्यांतला तिसरा जरासा लवकर पडतो. सेकंदाचे शंभर भाग केले तर चार-पाच भाग. आणि चौथा तेवढाच थांबून हिशेब पुरा करतो. हा रोग नाही, असा रोगच नाही कुठं. मग आहे काय हे?”

मी त्या रेघेकडं बघत राहिले. बोटानं मांडीवर मोजलं. एक, दोन-तीन, चार. एक, दोन-तीन, चार.

“तिसरा पुढं ओढतोय,” मी म्हणाले. “अहो, तुम्ही ह्यांना कुठली फाईल पाठवली?”

“ठोक्यांची,” हे म्हणाले. “त्यांनी ठोके मागितले. माझ्याकडं एकच फाईल होती ठोक्यांची. ‘वनिता लेझीम ठोके, २०२९’.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. ती फाईल कुणा माणसानं ऐकलीच नव्हती. ती थेट तालीमयंत्रात गेली. यंत्रानं मुलींचा कल्ला गाळला, लेझमींची छमछम गाळली, माझं ओरडणंही गाळलं आणि ठळक तेवढे ठोके घेऊन तीन आठवडे माझ्या पेशींना शिकवले. ते ठोके होते हलगीचे. बाळासो आवळेच्या हलगीचे.

बाळासो आमच्या शाळेचा शिपाई. घंटा द्यायचा, आणि लेझमीला हलगी वाजवायचा. चोवीस वर्षं मी हुकूम दिला आणि त्यानं ठोका दिला, आणि चोवीस वर्षं आम्ही भांडलो. कारण एकच. तो तिसरा ठोका ओढायचा. “बाळासो, पळवू नकोस,” हे वाक्य मी शाळेत ‘हुश्शार’पेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. तो म्हणायचा, “मी पळवत न्हाई बाई, पोरींचा पाय उचलतोय.” पण नऊ वर्षं झाली, आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. ते माझ्यामुळं.

“दमवून बघू,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “यंत्राच्या ठोक्यावर शिकलेले माझे चाळीस पेशंट आहेत. सगळे ठणठणीत. पण नाडी एकशेदहाच्या पुढं हलत नाही. जिना चढले की पाय रक्त मागतात, मेंदू ‘वाढव’ म्हणून सांगतो, आणि दाण्याला एकच चाल येत असते. तुमचा काय करतो बघू या.”

व्यायामाच्या सरकत्या पट्ट्यापुढं मी उभी राहिले आणि माझा पायच उचलेना. शारीरिक शिक्षणाची शिक्षिका मी!

“घाबरलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी माझा हात धरला आणि पट्टा हळू सुरू केला. ऐंशी. शहाण्णव. चढ दिला. एकशेदहाला मनगटावरचा पट्टा बोंबलला, त्यांनी तो बंद केला. मी डोळे मिटले. आता थांबणार, आता अंधारी येणार. तर तसं काही झालंच नाही. छातीत हृदय एका चालीवर ठरलं, थोडं दम धरून राहिलं, मग तिसरा ठोका ओढला आणि वरच्या चालीवर गेलं. पुन्हा ठरलं. पुन्हा ओढलं. मला एकदम कळलं की मला हे पाठ आहे! लेझमीचा ‘चार आवाज’ झाला, आता पवित्रा चाललाय, आता दोरुखी, आणि आता, आता मुली फलांग टाकणार. मी डोळे उघडले. पडद्यावर एकशेचव्वेचाळीस. श्वास लागला होता, पण माझा होता. सरकता पट्टा थांबला तसं हृदय पायरी पायरीनं खाली आलं, अगदी शेवटी मुली दोन रांगा करून मैदानाबाहेर जायच्या तसं. मी तिथंच रडायला लागले.

डॉ. मुजावरनी पडद्यावरची रेघ पहिल्यापासून पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, “अठरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. संथ सुरू होतं, चढतं, उतरतं. माणसाच्या हाताचं आहे, त्यामुळं दोन ठोक्यांतलं अंतर सारखं नसतं. निरोगी हृदयाचंही नसतं, ते श्वासाश्वासाला बदलतं. आम्हाला हे ठाऊक होतं मॅडम. पण पुस्तकात. बशीत आम्ही सरळ रेघच घातली. तुमच्या दाण्याला वर जायची आणि खाली यायची सवय कुणीतरी लावून दिली.”

“बाळासोनं,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या समितीचं पत्र आलं. समितीला ही चाल ठेवणं पटलं नव्हतं, आणि त्यांचंही खोटं नाही. असा दाणा जगात दुसरा नाही. आणखी पाच वर्षांनी तो काय करेल, कुणाला माहीत नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा की पुन्हा तार घालून दाण्याला यंत्राचा सरळ ठोका शिकवावा. जुनी चाल पुसली जाईल. नाडी एकशेदहाच्या आत राहील. चालणं, स्वयंपाक, देवदर्शन सगळं होईल. धावणं, लेझीम होणार नाही. नको असेल तर आपल्या जबाबदारीवर आहे तसं ठेवा. शनिवारपर्यंत संमतीच्या कागदावर सही करून कळवा.

“पुसून टाकू,” पत्र पुरतं वाचून व्हायच्या आधीच हे म्हणाले.

“अहो, पण मी एकशेचव्वेचाळीसपर्यंत...”

“तू न्हाणीत पडलीस तेव्हा मी उचललं होतं तुला,” हे म्हणाले. “तुझे ओठ निळे झाले होते, वनिता. मला लेझीम नको. मला तू पाहिजेस.”

छत्तीस वर्षांच्या संसारात हे असं कधी बोलले नव्हते. सही करावी वाटली त्यांच्यासाठी. पण पेन हातात घेतलं की मनात येई, पुसायला चाल माझी कुठाय? ज्याची आहे त्याला विचारायला नको? आणि त्याच्या दारात कुठलं तोंड घेऊन जायचं?

आता सांगतेच. २०३२ सालची सव्वीस जानेवारी. तहसीलच्या मैदानावर सगळा गाव, पुढाऱ्यांच्या खुर्च्या, माझ्या दोनशे मुली. फलांगाला हलगी घसरली. ठोका लांबला, मग चुकला, मग आलाच नाही. मुलींचे पाय एकमेकींत अडकले. माझ्या हातात माईक होता. मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, “बाळासो, हात झडलाय का?”

आपण दिवसातून चारदा कुणाला ना कुणाला असं म्हणतो. पण त्या क्षणाला त्याचा हात खरोखर झडला होता. हातातलं वाजवायचं टिपरू खाली पडलं, मग हलगी, मग बाळासो. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवा हात गेला. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच्या गल्लीनं गेले नाही.

शुक्रवारी सकाळी निघाले. बाळासोचं घर गावाच्या टोकाला, चांगला चढ आहे. हे खुर्ची घेऊन मागं, संमतीचा कागद खिशात. चढावर मी एकदाही खुर्ची मागितली नाही, आणि ह्यांनी ते पाहिलं.

दार बाळासोच्या बायकोनं, शेवंतानं उघडलं. “या बाई. नऊ वर्सं लागली व्हय चढाला?”

बाळासो अंगणात खाटेवर बसला होता. केस पांढरे झालेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा कुणी दुसऱ्यानं आणून ठेवावा. मी समोर उभी राहिले. सगळी वाक्यं ठरवून आले होते, ती गेली.

“बाळासो, मी चुकले रे. त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. नंतर यायला पाहिजे होतं, तेही आले नाही. माफ कर मला.”

“लागलं हुतं बाई,” तो म्हणाला. “न्हाई म्हननार न्हाई. हात गेल्याचं कमी, तुमी आला न्हाईसा त्येचं जास्ती.” मग तोंडाच्या एका कोपऱ्यानं हसला. “आनि झडलाच हुता की. डाक्टरला दोन तासांनी कळलं. तुमाला पयल्यांदा.”

मी हसले, आणि हसता हसता रडले. शेवंतानं पाणी आणलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. दंडाची कातडी, बशीतले ठिपके, ह्यांची फाईल. मधे मधे तो ह्यांच्याकडं बघायचा, आणि हे मान डोलवायचे, की खरंय. शेवटी मी त्याच्यापुढं मनगट धरलं. त्यानं डाव्या हाताची बोटं माझ्या नाडीवर ठेवली.

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. बाळासोचे ओठ हलायला लागले. एक, दोन-तीन, चार. त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं पटकन बोटं काढली, आपल्या मेलेल्या हाताकडं पाहिलं, आणि परत नाडी धरली.

“ही माजी हाय,” तो हळूच म्हणाला. “बाई, ही माजीच हाय की! मला वाटलं हुतं हातासंगं गेली.”

“पुसायची म्हणतात, उद्यापर्यंत कळवायचंय. धोका आहे म्हणे. तुझी आहे, तू सांग.”

“मी काय सांगनार? जीव तुमचा.” मग आत हाक मारली, “शेवंते, कोपऱ्यातली ती लेझीम दे बाईस्नी. आन् हलगी काढ माजी.”

“अहो नको,” हे पुढं झाले.

लेझीम शाळेचीच होती, जुनी, दोन चकत्या गळालेली. हातात घेतली आणि माझी बोटं आपोआप मुठीत बसली. शेवंतानं हलगी पुसून त्याच्या मांडीत दिली. त्यानं डाव्या हातात टिपरू धरलं, नजर माझ्या मनगटावरच्या हिरव्या दिव्यावर लावली. चोवीस वर्षं हुकूम मी द्यायचे. आज त्यानं दिला.

“हुश्शार!”

माझी पाठ ताठ झाली. त्याचा पुढचा हुकूम आला, “चार आवाज, सुरू कर!”

मी पहिला आवाज केला. तो दिव्याकडं बघून ठोका द्यायचा, एकेक, चाचपडत, डाव्या हातानं. माझा पाय त्या ठोक्यावर पडायचा. दिवा माझ्या हृदयाचा, ठोका त्याच्या हाताचा, आणि मी दोन्हीच्या मधे वाकत होते, उठत होते. घाम आला. गल्लीतल्या बाया कुडाशी गोळा झाल्या. एकशेदहाला पट्टा बोंबलला. मी थांबले नाही, पण डोळ्याच्या कडेनं ह्यांना शोधलं. हे माझ्याजवळ आले, पट्ट्याचं बटण दाबून बोंब बंद केली. मग खुर्ची उघडली. मला वाटलं, आता बसवतात मला. हे स्वतः बसले. खिशातला तो कागद काढला आणि त्यानं वारा घ्यायला लागले.

एकशेवीस. एकशेतीस. पवित्रा. दोरुखी. लेझीम छमछमत होती, आणि मला एकसष्ट वर्षांची असल्याचं आठवत नव्हतं. फलांगाच्या तोंडाशी ठोका एकदम पुढं सरकला आणि माझा पाय मागं राहिला. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

“बाळासो, पळवू नकोस!”

त्यानं दिव्यावरची नजर काढली नाही. डावा हात चाललाच होता.

“मी कुटं पळवतोय बाई,” तो म्हणाला. “तुमीच पळवताय.”